नडगी मोडल्यावरचे सहा तास

बारामती-इंदापूर भागात गळीत हंगामात ऊसवाहतूक वाढते, आणि पुणे-सोलापूर महामार्गावर वर्दळ कायमच असते. ट्रॉलीखाली पाय चेंगरला किंवा दुचाकी घसरून नडगीचं हाड मोडलं, तर एका धोक्याकडे लक्ष ठेवा.

पोटरीचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव आणि सूज वाढली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. याला ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. रक्तपुरवठा तुटल्यापासून साधारण सहा तासांनंतर कायमच्या नुकसानीचा धोका झपाट्यानं वाढतो.

ओळखायचं कसं? दुखापतीच्या मानानं फार जास्त, औषधानंही न थांबणारी वेदना, पायाची बोटं हलवताच पोटरीत उठणारी कळ, दगडासारखी कडक पोटरी, मुंग्या, बधिरता. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. ती शेवटपर्यंत लागू शकते.

अशा वेळी आवळलेली पट्टी सैल करा. प्लास्टर असेल तर तातडीनं डॉक्टरांकडून उघडून घ्या. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच नको. मालीश नको, शेक नको, बर्फही नको. १०८ ला फोन करा आणि अस्थिरोगतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. तिथं आवरणाला छेद देऊन दाब मोकळा करतात. जखम काही दिवसांनी बंद करतात.

‘सकाळी बघू’ म्हणू नका. रात्री दोन वाजता वेदना वाढली, तर दोन वाजताच निघा.