मूल सज्ञान झाले, पोटगी कोठे थांबते?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)

मराठवाड्यातील अनेक शाळांच्या जुन्या नोंदवह्यांत एक जन्मतारीख वारंवार आढळते : १ जून. जन्माची नोंद हाती नसलेल्या मुलाचे नाव दाखल करताना गुरुजींनी ती अंदाजाने घातलेली असे. अशी अंदाजाची तारीख परित्यक्ता मातेच्या संसारात महत्त्वाची ठरते. मूल सहा महिन्यांनी मोठे लिहिले गेले, तर त्याची पोटगीही सहा महिने आधी थांबण्याचा संभव असतो. म्हणून गंगाखेड, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतील शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी प्रथम ग्रामपंचायतीची जन्मनोंद पाहावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा अधिकृत पुरावा ठरला आहे.

१८७५ च्या कायद्यान्वये अठरा वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळणारी मुलाची पोटगी सर्वसाधारणपणे तेथे संपते. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. तत्त्व तेच राहिले. मूल औरस की अनौरस, हा भेद कायदा करीत नाही.

तथापि अठरावा वाढदिवस म्हणजे सर्वच हिशेब मिटले, असे नव्हे. शारीरिक अथवा मानसिक वैगुण्यामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलाचा हक्क टिकतो; विवाहित मुलगी मात्र त्यातून वगळली आहे. अविवाहित हिंदू मुलीस १९५६ च्या हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० चा आधार आहे. स्वतःच्या मिळकतीतून वा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तर विवाहापर्यंत तिला निर्वाह मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा प्रकरणात हाच भेद स्पष्ट केला : दंडाधिकाऱ्यापुढील संक्षिप्त मार्ग अशा निरोगी सज्ञान मुलीस खुला नाही, परंतु १९५६ च्या कायद्याखालील हक्क अबाधित आहे. मुस्लिम कुटुंबातील मुलांबाबत नूर सबा खातून प्रकरणाचा १९९७ चा निर्णय मार्गदर्शक आहे. त्यात मुलींचा हक्क विवाहापर्यंत मान्य झाला.

बारावीची परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाची अवस्था याहून बिकट. तो सुदृढ असेल, तर अठरा वर्षांनंतर या तरतुदींचा आधार त्यास फारसा नाही. महाविद्यालयाचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च नेमका त्याच वर्षी उभा राहतो. कायद्याची ही उणीव आहे, असे म्हणण्यास जागा आहे. तोवर शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरून घेणे शाळेच्या हाती आहे.

थकबाकीबाबत गावात गैरसमज फार. मूल सज्ञान झाल्याने आधीची थकलेली रक्कम माफ होत नाही. मात्र वसुलीच्या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज ना उद्या देतील’ म्हणून थांबलेल्या किती माता येथेच हक्क गमावतात!

पित्याचीही बाजू पाहिली पाहिजे. पत्नी व मुले यांची रक्कम हुकुमात वेगवेगळी लिहिलेली असेल, तर सज्ञान झालेल्या मुलाचाच हिस्सा थांबतो, पत्नीचा नाही. रक्कम एकत्रित असेल, तर ती मनाने कमी न करता बदललेल्या परिस्थितीच्या कारणाने दंडाधिकाऱ्याकडे फेरबदलाचा अर्ज करावा. जुन्या संहितेत यासाठी कलम १२७ होते, आता १४६ आहे.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलगी स्त्री म्हणून त्यास पात्र राहते. मुलास मात्र जात, उत्पन्न वा अन्य पात्रता दाखवावी लागते. यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. सोबत हुकुमाची प्रत आणि जन्मदाखला न्यावा.