घरी घडविलेले विमान

विमान म्हटले, की प्रचंड कारखाना, शेकडो अभियंते आणि अफाट भांडवल डोळ्यांपुढे उभे राहते. ते एखाद्या गृहस्थाने सुटीच्या दिवशी घराशेजारच्या गॅरेजमध्ये जोडावे, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पदच वाटेल. तथापि अमेरिकेत अशी हजारो विमाने उडत आहेत. अॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट आणि आराखडे पेट्यांतून घरपोच येतात. इंजिन तयार मिळते. मात्र विमान 'हौशी बांधणीचे' ठरण्यासाठी त्याचे निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनीच झालेले असावे, असा तेथील नियम आहे.

या छंदाचे आकर्षण आणि त्यातील धोका, दोन्ही समजून घ्यावयाचे असतील, तर आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाची कथा पाहावी. १९३३ साली त्याने लाकूड व कापड यांचे, एकाच माणसापुरते एक चिमुकले विमान उडविले. फ्रेंच लोक त्याला 'आकाशातील ऊ' म्हणत, तर इंग्रज 'उडती पिसू'. ज्याला लाकडी खोके ठोकता येते त्याला विमानही करता येईल, असा मिन्येचा दावा होता. १९३४ मध्ये त्याने बांधणीची सारी कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. मग काय विचारता! गावोगावच्या सुतारशाळांतून पंख आकार घेऊ लागले.

परंतु लवकरच अपघातांच्या वार्ता येऊ लागल्या. विमान नाक खाली करून सूर मारी, ते सावरतच नसे. कित्येक हौशी वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा फ्रान्स व इंग्लंड येथे पूर्ण आकाराचे विमान वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ठेवून त्याची परीक्षा घेण्यात आली. दोष हातांच्या कारागिरीत नव्हता. तो आराखड्यातच होता. विमानाला एकामागे एक असे दोन पंख होते. नाक वर आणण्यासाठी वैमानिकाने दांडा ओढला, की पुढच्या पंखाची मागील कड खाली येई आणि दोन पंखांमधील फट अरुंद होई. त्या फटीतून जाणाऱ्या हवेमुळे मागील पंखाचीच उचल वाढे. परिणामी शेपटी वर आणि नाक अधिकच खाली! जी कृती वाचविण्यासाठी, तीच घात करी. नाक सुमारे १५ अंशांहून अधिक झुकले, की उपाय खुंटे.

पुढे मिन्येने आराखडा सुधारला. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत. आज अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची अधिकृत तपासणी होते, त्यावर 'प्रायोगिक' असा शब्द ठळकपणे लिहावा लागतो आणि प्रारंभीची उड्डाणे ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करावी लागतात. उत्साही माणसाला हे नियम जाचक वाटणे साहजिक आहे. परंतु हौस कितीही निर्मळ असली, तरी हवेला तिचे सोयरसुतक नसते. मिन्येच्या वाचकांनी खिळे चोख ठोकले होते. त्यांना हवी होती ती वेळेवर घेतलेली परीक्षा.