धुऱ्यावरच्या आंब्यावरचं ऑर्किड

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि पांढुर्णा-सौंसर भागात फिरता फिरता झाडांकडे मान वर करून पाहायची सवय लागली, एवढंच.

हल्ली घरोघरी ऑर्किडची हौस आली आहे. काहींना स्लिपर ऑर्किड हवं असतं, ज्याची एक पाकळी जोड्याच्या टोकासारखी पिशवी होते. ते ईशान्येच्या गार, ओल्या डोंगरांतलं. एक पिवळी जात केरळच्या अगस्त्यमलईत. आपला मे महिना त्याला सोसायचा नाही. शिवाय रानातल्या स्लिपर ऑर्किडला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा कुणी 'जंगलातून आणलंय' म्हणत विकत असेल तर घेऊच नका.

आपल्याकडे आहे ती वांडा टेसेलाटा. धुऱ्यावरच्या जुन्या आंब्यावर, मोहावर बसलेली असते. आणि आपण काय करतो? बांडगूळ म्हणून विळ्याने खरवडून टाकतो!

हा घोळ जुना आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात वन्दा म्हणत. हिंदीत बांडगुळाला बांदा म्हणतात, तो त्यातलाच. सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द उचलला आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी या कुळीला वांडा हेच नाव कायम केलं. म्हणजे नाव एक, पण वागणूक अगदी उलट. बांडगुळाचं मूळ फांदीत घुसून रस ओढतं, तिथे गाठ येते, पुढे फांदी वाळते. वांडाची जाड, पांढुरकी मुळं सालीला नुसती चिकटलेली असतात. ती पाऊस आणि हवेतली ओल पितात. झाडाचं काही घेत नाहीत.

ओळखताना फुलाच्या रंगावर जाऊ नका. एकाच जातीत कुठे हिरवट पिवळं, कुठे राखी, कुठे तपकिरी फूल येतं. ओठ कधी निळा-जांभळा, कधी गुलाबीकडे झुकलेला. पाहायचं ते हे: पाकळीवर फरशीसारखी चौकटीची जाळी, पाकळीची पाठ पांढरी, आणि पान पन्हळीसारखं दुमडलेलं, टोकाला कुरतडल्यासारखं. टेस्टेशिया ही दुसरी वांडा पिवळी असते, पण तिचं फूल नखाएवढं.

घरी लावायची तर वादळात पडलेल्या किंवा तोडलेल्या झाडाची घ्या, मालकाला विचारून. राखीव जंगलातून मुळीच नाही. बियांच्या नादी लागू नका. बी धुळीसारखं बारीक असतं, विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही.

माती नको, हे आमच्या घरीही पटवायला वेळ लागला. खडबडीत सालीच्या लाकडावर सुती दोरीने बांधा. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. पाणी सकाळी मुळांवर. रुपेरी मूळ हिरवं झालं की पुरे. मे महिन्यात दोनदा, थंडीत बेताचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की शेंडा कुजतो. जुनी मुळं वाळली तरी फेकू नका, नवं हिरवं टोक निघेपर्यंत थांबा.

मागच्या टेबलावर वांडाची एक फांदी ठेवली आहे, शेजारी बांडगुळाची. फुलं आत्ता नाहीत. मुळांना हात लावून बघा.