इंग्रजीचा अपठित उतारा

पदवीच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न बहुधा असतोच. एक छापील उतारा देतात, त्याखाली पाच-सहा प्रश्न असतात, आणि त्या सर्वांची उत्तरे त्याच उताऱ्यात असतात. पाठांतर नको, नोट्स नकोत, गाइड नको. उत्तर समोर कागदावर आहे. ते शोधायचे आणि लिहायचे. आणि तरीही आपल्या कर्जत-खालापूर भागातली पुष्कळ मुले नेमकी इथेच अडतात. इतर विषय सुटतात, इंग्रजीत केटी लागते, आणि घरातला पहिला पदवीधर होता होता एक वर्ष मागे राहतो.

याची किंमत पदवीपुरतीच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर 300 गुणांचा असतो. त्याचे गुण एकूण बेरजेत धरत नाहीत. पण त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण, मिळाले नाहीत तर गुणवत्तेच्या पेपरांचा विचारच होत नाही. या पेपरात उतारा असतोच. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांच्या परीक्षेत तर एका भागाचे नावच ‘इंग्लिश कॉम्प्रिहेन्शन’ आहे. पहिल्या टप्प्यात त्याचे 25 प्रश्न असतात आणि दर चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. तेव्हा नुसते अंदाजपंचे उत्तर देऊनही भागत नाही.

आता कोणी म्हणेल, “सर, आमच्या पोरांचं इंग्रजीच कच्चं, त्याला काय करणार?” मी म्हणतो, थोडे थांबा. आपल्या गावातला साधा शेतकरी सातबारा हातात घेतो, तेव्हा काय करतो? तो वरपासून खालपर्यंत सारखेच वाचीत बसत नाही. कब्जेदार म्हणून नाव कोणाचे, क्षेत्र किती, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का, हे तो नेमके शोधतो. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीचा अर्थ लावतो. नाव एकाचे आणि कूळ दुसऱ्याचे निघाले, तर त्याच्या कपाळाला लगेच आठी पडते. श्रोतेहो, यालाच आकलन म्हणतात. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. ती इंग्रजीत वापरायची सवय तेवढी नाही.

ती सवय का नाही, याचे एक कारण दोन भाषांच्या बांधणीत आहे. मराठीत वर्णन आधी येते आणि वस्तू नंतर. “पुरानंतर गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला जुना पूल गेल्या आठवड्यात वाहतुकीला बंद झाला,” असे आपण म्हणतो. इंग्रजीत हेच वाक्य असे येईल: ‘द ओल्ड ब्रिज, विच द व्हिलेजर्स हॅड बिल्ट विथ देअर ओन हँड्स आफ्टर द फ्लड्स, वॉज क्लोज्ड टू ट्रॅफिक लास्ट वीक.’ इथे पूल आधी आला, त्याचे वर्णन मागून आले, आणि पुलाचे क्रियापद त्या वर्णनाच्याही पलीकडे जाऊन बसले. मुलगा वाचता वाचता मध्येच ‘व्हिलेजर्स’ पाहतो, शेवटी ‘क्लोज्ड’ पाहतो, आणि उत्तर लिहून मोकळा होतो की गावकऱ्यांनी पूल बंद केला! शब्द त्याला सगळे येत होते, पण वाक्य हातातून निसटले.

यावर उपाय सोपा आहे. लांब वाक्य आले की आधी मुख्य क्रियापद शोधावे आणि त्याला विचारावे, “बाबा रे, तू कोणाचा?” ‘वॉज क्लोज्ड’ कोणाचे? तर पुलाचे. मग दोन स्वल्पविरामांमधला भाग क्षणभर बोटाने झाकावा. ‘द ओल्ड ब्रिज वॉज क्लोज्ड’ एवढे उरते. हा वाक्याचा कणा झाला. मग बोट काढावे आणि झाकलेला भाग त्याला जोडावा. रोज अशी पाच वाक्ये सोडवली, तर महिन्याभरात नजर आपोआप कण्यावर जाऊ लागते.

दुसरी अडचण बारक्या शब्दांची. मुले मोठ्या शब्दांना भितात. पण घात होतो तो लहान शब्दांनी. ‘अ फ्यू फार्मर्स केम’ म्हणजे काही शेतकरी आले. त्यातला ‘अ’ काढला, ‘फ्यू फार्मर्स केम’ म्हटले, की अर्थ होतो, फारसे कोणी आलेच नाही. ‘द रोड वॉज टू मडी टू वॉक ऑन’ या वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही. पण अर्थ नकाराचा आहे. रस्त्यावर इतका चिखल होता की चालवत नव्हते. ‘हार्डली’चा ‘हार्ड’शी, म्हणजे कष्टाशी, संबंध लावू नये, तो ‘जेमतेम’, ‘क्वचितच’ अशा अर्थाने येतो. आणि ‘अनलेस’ म्हणजे ‘जर नाही, तर’. ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’ हे शब्द म्हणजे घाटातली वळणे आहेत. ते दिसले की समजावे, आता लेखक उलट बाजूला वळणार.

हा ‘अनलेस’ नुसता परीक्षेतच भेटतो असे नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊस आणि गृहसंकुलांसाठी जमिनींचे व्यवहार किती झाले आहेत, ते आपण पाहतोच. पुष्कळदा करारनामा इंग्रजीत असतो. पैसे परत मिळतील, अमुक झाले नाही तर. की पैसे परत मिळतील, अमुक झाले तर, हा सारा फरक त्या एका शब्दात असतो. घरातल्या शिकलेल्या मुलीने तो शब्द ओळखला आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवला, तर तिच्या पदवीचे सार्थक झाले, असे मी समजेन.

तिसरी अडचण शब्दसंग्रहाची. इंग्रजीत शब्द लाखो आहेत हे खरे; पण ते सगळे लागत नाहीत. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ आपल्याच देशात, त्या वेळच्या बंगालमध्ये, ढाक्याला काम करीत होते. हिंदुस्थानातल्या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचण्याची गरज अधिक आहे, असे त्यांनी 1926 साली आग्रहाने मांडले. पुढे 1953 साली त्यांनी नित्योपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले शंभरांतले जवळजवळ ऐंशी शब्द या यादीतले असतात. तेव्हा दुर्मीळ शब्दांच्या मागे धावण्याआधी हे दोन हजार पक्के करावेत.

मग उरलेल्यांचे काय? ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायला शिकावे. ‘यील्ड’ हा शब्द घ्या. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-3, कर्जत-7 अशा जाती काढल्या. अशा जातीविषयी लिहिताना ‘हायर यील्ड’ म्हटले, तर अर्थ अधिक उत्पन्न. पण ‘ही वुड नॉट यील्ड टू प्रेशर’ म्हटले, तर तो दबावापुढे नमायला तयार नव्हता. शब्द एकच, अर्थ शेजारधर्माने ठरतो. अनोळखी शब्द दिसला की लगेच डिक्शनरी उघडू नये. आधी अंदाज करावा, पेन्सिलने समासात लिहावा, आणि उतारा संपल्यावर डिक्शनरीत ताडून पाहावा. हल्ली खिशातला मोबाइल क्षणात सगळ्याचे मराठी करून देतो. पण परीक्षेच्या दालनात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. सरावातही तो शेवटीच काढलेला बरा.

आता प्रत्यक्ष सोडवण्याची रीत सांगतो. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली ठेवावी आणि उतारा सबंध वाचावा. विषय काय आणि लेखकाचे म्हणणे काय, एवढेच पाहावे. मग प्रश्न नीट वाचावेत. ‘व्हाय’ विचारले आहे की ‘हाउ’, हे डोळ्यांत घालून पाहावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ज्या ओळीत असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकावा. त्यानंतरच लिहावे. उताऱ्यातली चार वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. जेवढे विचारले तेवढे, आपल्या साध्या शब्दांत, आणि प्रश्न ज्या काळात असेल त्याच काळात लिहावे.

काही उत्तरे ओळीत नसतात, ओळींच्या मागे असतात. प्रवाशांनी छत्र्यांवरचे पाणी झटकले आणि ते बसमध्ये चढले, असे उताऱ्यात आहे. बाहेर हवा कशी होती? पाऊस हा शब्द कुठेही नाही. पण उत्तर पाऊस हेच आहे. असा तर्क जरूर करावा. मात्र त्याला उताऱ्यातला पुरावा हवा. विषय आपल्या माहितीचा निघाला की मुले उतारा सोडून स्वतःचे ज्ञान लिहितात. ते खरे असले, तरी तिथे त्याला गुण नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपण वर्गात उताऱ्याचे ओळीओळीने मराठी करून सांगतो. मुलांना ते आवडते, आपल्यालाही सोपे जाते. पण त्यात वाचणारे आपण असतो आणि मुले नुसती ऐकणारी. त्यापेक्षा उतारा त्यांनाच मुक्याने वाचू द्यावा आणि उत्तर आले की एकच प्रश्न विचारावा: “कुठल्या ओळीवरून म्हणतोस?” चुकलेल्या मुलालाही विचारावा, बरोबर आलेल्या मुलीलाही विचारावा. उताऱ्याचा मथितार्थ मुलांनी मराठीत सांगितला, तर त्यांना थांबवू नये. अर्थ कळला की नाही, हे तिथे स्वच्छ दिसते. तो इंग्रजीत लिहिणे ही पुढची पायरी.

सरावाचे म्हणाल, तर आपण भात पिकवणारे लोक. आधी राब भाजतो, मग पेरून आवण तयार करतो, आणि पाऊस धरला की लावणी. राबाशिवाय एकदम लावणीला कोणी उतरत नाही. इथेही तसेच आहे. पहिला महिना सोप्या वाचनाचा: आठवी-नववीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके पुन्हा काढावीत. त्यात लाज कसली? शंभर शब्दांत दोन-चारच अनोळखी असावेत; त्याहून जास्त निघाले, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. दुसऱ्या महिन्यात वर्तमानपत्र. एखादी बातमी सकाळी मराठीत वाचावी आणि तीच नंतर इंग्रजीत वाचावी. अर्थ आधीच ठाऊक असल्याने इंग्रजी वाक्ये आपोआप उलगडतात. तिसऱ्या महिन्यात जुन्या प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ ठेवून.

वेळ रोज अर्धा तास पुरे. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत गाडी खोपोलीला पोचते, तेवढ्या वेळात एक उतारा आरामात होतो. आणि एक वही ठेवावी. चूक झाली की तिथे कारण लिहावे: शब्द अडला, वाक्य निसटले, प्रश्न चुकीचा वाचला, की घाई झाली. महिन्याने ती वही चाळली, की आपले दुखणे कोणते, ते तिच्यात स्पष्ट दिसेल. मग औषध त्याच दुखण्यावर घ्यावे.

पुण्या-मुंबईच्या मुलांच्या कानांवर इंग्रजी जितके पडते, तितके आपल्या वाडीवस्तीवरच्या मुलांच्या कानांवर पडत नाही, हे मान्य. परंतु अपठित उताऱ्यात कानाचे काम नाही, जिभेचेही नाही. तिथे डोळे, धीर आणि नेमकेपणा लागतो. आणि या तीन गोष्टींत आपली मुले कोणाला हार जाणारी नाहीत. आज रात्री जेवणे झाल्यावर एक उतारा समोर घ्या, पेन्सिल खाली ठेवा, आणि पहिल्या वाक्याचे क्रियापद शोधा.