कामाची वाटणी आणि नवे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, सन २०२४ च्या दिवाळीत फराळाच्या कामाची आखणी आपण मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कशी करून घेतली, ते मीच सांगावे. कारण तो उपद्व्याप माझाच होता आणि त्यात झालेली चूकही माझीच.

सन २०२३ ची दिवाळी आपण कोणी विसरलेल्या नाही. चकली शेवटावर राहिली, रात्री दोन वाजेपर्यंत सोऱ्या फिरत होता, आणि आपल्यातील दोघी भगिनी पुढे महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हाच मी मनाशी ठरविले की, पुढच्या खेपेला आधी आखणी, मग तेल.

माझी लेक बांधकामाच्या एका कचेरीत नोकरीला आहे. कोणता गवंडी कोणत्या दिवशी कुठे, कोणते सामान केव्हा, हे तेथे आधी कागदावर मांडतात. अमेरिकेतील हेन्री गँट नावाच्या इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा कामांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. असा तक्ता आता यंत्राला शब्दांनी सांगूनही करून घेता येतो. चॅटजीपीटी नावाचे यंत्र २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांना खुले झाले, आणि त्यानंतर तशी पुष्कळ निघाली. त्यांच्याशी मराठीतही बोलता येते.

आता आपले काम पाहा. मागणी १६० डब्यांची. प्रत्येक डब्यात पाव किलो चिवडा, पाव किलो चकली, पाव किलो शंकरपाळे, सहा बेसनलाडू आणि पाच करंज्या. म्हणजे चिवडा, चकली, शंकरपाळे प्रत्येकी ४० किलो, लाडू ९६० आणि करंज्या ८००. हात अकरा जणींचे, दिवस आठ, वेळ दुपारी एक ते पाच. मोठ्या शेगड्या दोन आणि कढयाही दोनच. हे सारे मी यंत्राला सांगितले. नावे व फोन नंबर दिले नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी असे म्हटले. आपल्या बायकांची माहिती परक्या ठिकाणी कशाला द्यावी?

मिनिटभराच्या आत तक्ता तयार! मला तर धन्य वाटले. पण स्वयंपाकघरात वाढलेल्या बाईने तो वाचला की, त्यातले खडे दाताखाली येऊ लागतात. पहिल्याच दिवशी चकली! अहो, भजणीची धान्ये धुवायची, सावलीत वाळवायची, भाजायची, गिरणीतून दळून आणायची. चौथ्या दिवसाच्या आत चकलीचे पीठ हाती कसे येणार? मी ते सांगितले, तेव्हा त्याने मुकाट्याने चकली पुढे ढकलली. दुसरा खडा असा की, एका दुपारी तीन पदार्थ शेगडीवर चढविलेले. चकलीला पाच जणी लावल्या की ती लवकर आटपेल, असा त्याचा हिशेब. पण बाया वाढल्या म्हणून कढई वाढत नाही! मी म्हटले, बायांचे तास राहू देत, आधी शेगडीचे तास मोज.

तेही मोजले. चकलीला २० तास, शंकरपाळ्यांना १६, करंज्या तळायला १०, चिवड्याला ८, लाडवांचे बेसन भाजायला ८. यंत्राने बेरीज सांगितली ५२. मी वहीत केली तर ६२! दोन शेगड्यांचे आठ दिवसांचे तास होतात अवघे ६४. एक दुपार गॅस संपला असता तर सगळेच कोलमडले असते. तेव्हा भगिनींनो, हे यंत्र गोड बोलते, पण त्याची बेरीज आपण आपल्या हाताने करून पाहावी. ते चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगते.

आता माझ्या चुकीकडे येते. प्रत्येकीचा हात कसा आहे, हेही यंत्राने विचारले होते. मी घरी बसून, कोणालाही न विचारता, सांगून टाकले. एका वहिनींपुढे ‘फार चपळ’, आणि आपल्यातील एका वडीलधाऱ्या मावशींपुढे ‘हात हळू’. यंत्राने माझे शब्द प्रमाण मानले. वहिनींना पाच दिवस सलग सोऱ्यावर बसविले; मावशींना शेवटचे दोन दिवस डब्यांना चिठ्ठ्या लावायला. आपल्याकडे मजुरी तासावर असते, हे आपणांस ठाऊक आहेच.

तक्ता भिंतीवर लागला. मावशींनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तू लिहिलेस ते खरे आहे गं. पण मला विचारून लिहायचे होतेस.”

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. यंत्राने कोणाचा अपमान केला नव्हता. त्याला मावशी ठाऊकच नव्हत्या. त्याला ठाऊक होता तो माझा एक शब्द.

दुसऱ्या दिवशी तक्ता उतरविला आणि अकरा जणींना गोल बसवून विचारले, तुमच्यापुढे काय लिहू, ते तुम्हीच सांगा. तेव्हा कळले की, चपळ वहिनींचे मनगट गेल्या दिवाळीपासून दुखते आहे; कामातून वगळतील या भीतीने त्या बोलल्या नव्हत्या. एकीला बुधवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे असते. आणि मावशी म्हणाल्या, “करंजीची मुरड मला भरभर येत नाही हे कबूल. पण मी सकाळी घरी दोन-दोन किलो बेसन भाजून देते. मंदाग्नीवर तासभर बसायला मला कंटाळा नाही.”

वीस किलो बेसन मावशींच्या घरी गेले, आणि आपल्या शेगडीचे आठ तास मोकळे झाले! ६२ चे ५४ उरले. त्यांच्या सिलिंडरचा खर्च मंडळाने द्यावा, हेही तेथेच ठरले. सोऱ्यावर एकेकीची एकच दुपार, असे ठरवून ते सारे यंत्राला पुन्हा सांगितले, आणि या वेळचा तक्ता कामाचा निघाला.

सारे निर्विघ्न पार पडले असे मी म्हणणार नाही. सहाव्या दिवशी पाऊस आला, करंज्या रेंगाळल्या आणि शेवटच्या दिवशी पाचाचे साडेसात वाजले. परंतु डबे वेळेवर गेले, रात्र कोणी जागली नाही, आणि कोणी कोणाशी अबोला धरला नाही.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला, त्यातून लिज्जतचा एवढा मोठा संसार उभा राहिला. पीठ एका ठिकाणी मळायचे आणि भगिनींनी ते घरी नेऊन लाटायचे, ही त्यांची रीत. कोणते काम एकत्र करावे आणि कोणते घरी न्यावे, हे बायकांना यंत्राच्या आधीपासून कळते. यंत्र त्या शहाणपणाची मांडणी झटपट करून देते. शहाणपण मात्र आपल्यालाच पुरवावे लागते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या मागणीपूर्वी एक वही घालावी, आणि तीत प्रत्येकीने आपला वेळ, आपले काम आणि आपली अडचण स्वतःच्या हाताने लिहावी. लिहिता येत नसेल तिने सांगावे, दुसरीने लिहून तिला वाचून दाखवावे. त्या वहीत जे असेल तेवढेच यंत्राला सांगावयाचे, एक शब्द अधिक नाही.

मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आजच्या चहाबरोबरच्या लाडवांचे बेसन त्यांनीच भाजले आहे.