चव्वेचाळीस क्रमांकाचा खेळाडू



आजचा विषय फळ्यावर लागल्यावर एका स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, जो खेळ आपल्या गावात कोणी पाहिलेला नाही, त्यातल्या ज्या खेळाडूचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्याच्या निवृत्तीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. परंतु ज्याचे मोल लोकांच्या ध्यानात लवकर येत नाही, अशा माणसाला निरोप कसा द्यावा, हा प्रश्न कोणत्याही गावाला परका नाही. म्हणून आपल्या सौजन्यावर भिस्त ठेवून मी हे धाडस करीत आहे.

मेलबोर्नचे क्रिकेटचे मैदान आपल्याला ठाऊक आहे. २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणे यांनी तेथेच शतक काढून आपल्या संघाची लाज राखली. उन्हाळा सरला की त्याच मैदानावर तेथील लोकांचा जिवाभावाचा खेळ सुरू होतो, तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्याचे पहिले लेखी नियम १८५९ साली मेलबोर्नमध्येच झाले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि बाजूला अठरा-अठरा गडी. चेंडू हातात धरून पळता येते, पण फेकता मात्र येत नाही. तो लाथेने उडवावा किंवा एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यावा. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्याला लाखाच्या घरात माणूस लोटतो. एवढी माहिती आजच्यापुरती पुरे.

आता आपल्या नायकाकडे वळू. त्याचे नाव कोरी एनराइट. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या किंबा गावचा हा मुलगा. किंबा म्हणजे गव्हाच्या शेतांमधले, हजाराच्या आतल्या वस्तीचे खेडे. खंड पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्या वाटेवर ते निम्म्यात लागते, हीच त्याची ख्याती. तिकडे क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडून घेतात. १९९९ च्या निवडीत एनराइटचे नाव पुकारले गेले ते ४७ वे. म्हणजे जाणकारांना त्या दिवशी त्याच्याहून ४६ जण बरे वाटले होते! त्याला घेतले मेलबोर्नच्या नैर्ऋत्येस असलेल्या जिलाँग या बंदराच्या शहरातील क्लबाने. पहिल्या वर्षी मुख्य संघात एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २००१ मध्ये तो मैदानात उतरला. पाठीवर क्रमांक होता ४४, आणि अखेरपर्यंत तोच राहिला.

या आकड्याचा एक योगायोग पाहा. जिलाँगचा क्लब १८५९ सालचा, म्हणजे नियमांच्याच वयाचा. त्याने १९६३ साली अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर दुष्काळ पडला. अंतिम सामन्यापर्यंत जावे आणि हात हलवीत परत यावे, असे अनेकदा झाले. बापाने मुलाला आशा वारशाने द्यावी, तसे त्या शहराचे चालले होते. तो दुष्काळ संपला २००७ साली, बरोबर ४४ वर्षांनी, आणि तोही पोर्ट ॲडलेड संघाला ११९ गुणांनी हरवून! अंतिम सामन्यात एवढ्या फरकाने त्यापूर्वी कोणी जिंकले नव्हते. पुढे २००९ आणि २०११ सालीही जिलाँगने अजिंक्यपद घेतले. तिन्ही वेळा एनराइट संघात होता.

मग त्याचे नाव गाजले का नाही? कारण त्याची जागा बचावफळीत होती. पुढचा गडी गोल करतो तेव्हा सारे मैदान उभे राहते. मधला गडी दिवसभर चेंडूभोवती असतो, म्हणून पंचांच्याही नजरेत भरतो. तेथील सर्वांत मोठा मान म्हणजे ब्राउनलो पदक. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना तीन, दोन आणि एक असे गुण देतात, त्यांच्या बेरजेवर ते ठरते. अलीकडच्या काळात ते पदक बहुधा मधल्या फळीतल्या खेळाडूंकडेच गेले आहे. बचाव करणाऱ्याचे सर्वांत चांगले काम कोणते? जो गोल झालाच नाही, तो! आता न झालेला गोल मोजायचा कसा? आपल्याकडे यष्टिरक्षकाने झेल सोडला तर चार दिवस चर्चा होते, परंतु दिवसभर एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही तर त्याची आठवण कोणाला राहते? एनराइटचे तेच झाले. प्रतिपक्षाच्या चपळ गड्याला त्याने जखडावे, चेंडू नेमका कोठे पडणार हे ओळखून आधीच तेथे उभे राहावे, आणि हाती आलेला चेंडू शांतपणे आपल्या माणसाकडे पोचवावा. ज्याला धावपळ करावीच लागत नाही, त्याचे श्रम दिसणार कसे?

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे, की हा खेळाडू खरोखरच उपेक्षित होता काय? क्लबातल्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक त्याला दोनदा मिळाले, २००९ आणि २०११ साली. साऱ्या देशातून निवडलेल्या वर्षाच्या मानाच्या संघात त्याची सहा वेळा निवड झाली. त्यातली शेवटची २०१६ सालची, वयाची ३४ वर्षे पूर्ण झाल्यावरची. म्हणजे खेळ कळणाऱ्यांनी त्याला ओळखले होते. उणीव होती ती लोकांच्या जिभेवर नाव असण्याची. मानसन्मान आणि लौकिक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याला भरपूर लाभली, दुसरी त्याने मागितली नाही आणि ती त्याच्याकडे आलीही नाही.

तिकडे निरोपाची एक सुंदर रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला अखेरच्या सामन्यानंतर सोबती खांद्यावर घेतात, दोन्ही संघ दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवतात. २०१६ साली एनराइटने इयान नँकर्व्हिस यांचा ३२५ सामन्यांचा क्लबातला उच्चांक मागे टाकला आणि ३३२ वर तो थांबला. तो ३३२ वा सामना म्हणजे सिडनी संघाविरुद्धची उपांत्य लढत. जिलाँग ३७ गुणांनी हरले. निवृत्ती जाहीर झाली ती त्यानंतर. म्हणजे त्या संध्याकाळी खिन्न मनाने घरी परतणाऱ्या हजारोंना आपण ४४ क्रमांक शेवटचा पाहिला, हे ठाऊकही नव्हते. रीतसर निरोप राहूनच गेला.

टाळ्यांची वेळ हुकली की माणसाजवळ शब्दच उरतात. 'याचे मोल झाले नाही' असे आपल्या खेळाडूविषयी जेव्हा चाहते म्हणतात, तेव्हा त्यात तक्रार थोडी आणि जवळीक अधिक असते. 'जगाने पाहिले नाही, पण आम्ही पाहिले', ही त्यातली खरी ग्वाही असते. सोळा हिवाळे पावसावाऱ्यात कट्ट्यावर बसून ज्याने चेंडूवरची नजर काढून मागे उभ्या असलेल्या माणसावर ठेवली, त्यालाच ती देता येते. असा प्रेक्षक घडणे हे खेळाडू घडण्याइतकेच कठीण आहे.

एनराइटचा उच्चांकही आता राहिलेला नाही. २०२२ साली जोएल सेलवुडने तो ओलांडला, पुढे टॉम हॉकिन्सने सेलवुडलाही मागे टाकले. उच्चांक हे मोडण्यासाठीच असतात. मात्र एका माणसाचे मूक काम कोणाच्या तरी ध्यानात आले होते, ही गोष्ट मोडता येत नाही.

आपल्याही गावात शाळेची घंटा वर्षानुवर्षे वेळेवर देणारे, नळाचे पाणी पहाटे सोडणारे कोणी ना कोणी यंदा निवृत्त होत असेल. त्यांच्या कामाची आठवण आपल्याला बहुधा ते चुकल्यावरच होते. निरोपाचा दिवस हुकण्याआधी त्यांना दोन शब्द सांगावेत, इतकेच मला सुचवायचे आहे.