हृदयांतील आडवाटा

वर्गांत मुलांना मी एक प्रश्न नेहमीं विचारीत असें : “हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवितें, मग हृदयाला रक्त कोण पुरवितें ?” मुलें म्हणत, “त्याला काय कमी ? तें तर रक्तानेंच भरलेलें असतें !” उत्तर सहज सुचणारें आहे, पण चुकीचें आहे.

हृदयाच्या कप्प्यांतील रक्त आंतल्या अगदीं पातळ थरालाच काय तें उपयोगी पडतें. बाकीच्या जाड स्नायूचें पोषण दोन रोहिण्या करितात. महारोहिणीच्या मुळाशींच त्या फुटतात व मुकुटासारखा वेढा घालून हृदयावर पसरतात. म्हणून त्यांस कॉरोनरी म्हणजे मुकुटाकार रोहिण्या म्हणतात. शरीर स्वस्थ असतांहि एकंदर रक्तप्रवाहाचा सुमारें विसावा हिस्सा त्यांतून जातो.

या रोहिण्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, असें पुष्कळ वर्षें मानीत. वास्तविक रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्यानें १६६९ सालींच त्यांच्या शाखा एकमेकींस मिळतात असें लिहून ठेविलें होतें. हे दुवे केसासारखे बारीक असतात. दोन्ही टोकांस दाब सारखा असेपर्यंत त्यांतून फारसें रक्त वाहत नाहीं. एक रोहिणी अरुंद झाली कीं तिच्या पलीकडील दाब उतरतो, दुव्यांतून रक्त धांवूं लागतें, आणि त्या ओघानेंच ते हळूहळू रुंदावतात. पायवाटेवर वर्दळ वाढली कीं तिची गाडीवाट होते, तसेंच हें. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं दाखवून दिलें कीं, रोहिणी एकाएकीं बंद पडली तरी रोगी दगावतोच असें नाहीं. त्यांतील एक कारण या आडवाटा.

मी डॉक्टर नव्हे. पण हा धडा मला दोनदां मिळाला. चढ चढतांना माझी छाती भरून येई. तपासणींत उजवी रोहिणी पूर्ण बंद निघाली. मात्र डावीकडून आलेल्या बारीक शाखांनीं तो भाग जगविला होता. माझे एक सहकारी मजहून वीस वर्षांनीं लहान. त्यांना कधीं कळ म्हणून ठाऊक नव्हती. एका पहाटे छातींत दुखूं लागलें. “पित्त असेल,” म्हणून त्यांनीं सोडा घेतला व दुपारपर्यंत वाट पाहिली. ते वाचले नाहींत.

हें असें कां ? माझी रोहिणी वर्षानुवर्षें हळूहळू बुजत गेली, तेवढ्यांत आडवाट तयार झाली. एकाएकीं धरलेली रक्ताची गुठळी तेवढी सवड देत नाहीं. आडवाट रुंदावण्यास आठवडे, महिने लागतात. रक्तावांचून स्नायू सुमारें अर्ध्या तासांतच मरूं लागतो.

म्हणून माझें एवढेंच सांगणें आहे : छातींत दडपण येऊन तें थांबेना, घाम फुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर पित्ताची चर्चा करीत बसूं नका, तत्काळ रुग्णालय गांठा. आपल्या हृदयांत आडवाट आहे कीं नाहीं, हें त्या वेळीं घरांत कोणालाच ठाऊक नसतें.